साथ, कॅज्युअल्टी आणि डॉक्टरांचा ताण

साथीच्या काळात डॉक्टरांवर सगळ्यात जास्त ताण कधी येतो, असं कुणालाही विचारलं तर उत्तर येईल, रुग्णांची गर्दी शिगेला पोचते तेव्हा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०२० साली हा प्रश्न नीट तपासला गेला. आपत्कालीन, भूलशास्त्र आणि अतिदक्षता या विभागांतल्या डॉक्टरांना लाट चढताना, शिखरावर असताना आणि उतरताना अशी तीनदा प्रश्नावली देण्यात आली. पहिल्या फेरीत ५,४४० डॉक्टरांनी ती भरून दिली. मानसिक त्रासाची लक्षणं चढत्या लाटेत जवळजवळ ४५ टक्के डॉक्टरांमध्ये दिसली, शिखरावर ३७ टक्क्यांमध्ये आणि उतरत्या लाटेत साडेएकतीस टक्क्यांमध्ये. म्हणजे गर्दी वाढली तरी त्रास ओसरू लागला होता.

पहिल्यांदा वाचताना हे आकडे उलटे छापले गेलेत की काय, असं वाटतं. पण मार्च २०२० आठवून बघा. विषाणू हवेतून पसरतो की शिंतोड्यांतून, साधा सर्जिकल मास्क पुरतो की एन-९५च लागतो, रुग्णाला व्हेंटिलेटरवर लवकर घ्यायचं की थांबायचं, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. इटलीतल्या बर्गामोच्या रुग्णालयांचे व्हिडिओ मात्र रोज फोनवर येऊन पडत होते. आपल्या दारात हे कधी येणार, एवढंच कळायचं बाकी होतं. प्रत्यक्ष रुग्ण आले, हाताला काम लागलं, चार दिवसांत कामाला वळण आलं आणि भीती थोडी बाजूला सरली. वाट बघण्यातला ताण वेगळा आणि कामातला वेगळा, हा फरक लक्षात ठेवला तर पुढचं बरंच काही उलगडतं.

२००३ च्या सार्सपासून कोविडपर्यंत या विषयावर जे लिहिलं गेलं, ते समोर ठेवून वाचताना माझं एक मत पक्कं होत गेलं. डॉक्टरांचा ताण हलका करणाऱ्या गोष्टी समुपदेशकाच्या खोलीत कमी सापडतात. त्या जास्त करून सापडतात रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये, ड्युटीच्या तक्त्यात आणि अधीक्षकांच्या टेबलावर. मन खंबीर हवं हे खरंच आहे, पण खंबीरपणाच्या नावाखाली आपण डॉक्टरांकडून जे मागत आलो, त्यातलं बरंचसं व्यवस्थेनं द्यायला हवं होतं.

सगळ्या डॉक्टरांमधून कॅज्युअल्टीचाच डॉक्टर वेगळा का काढायचा, हेही सांगायला हवं. ओपीडीला वेळ असते आणि रांग असते. वॉर्डात रुग्ण येतो तेव्हा त्याच्या नावाची फाइल तयार झालेली असते. कॅज्युअल्टीला फक्त दार असतं आणि ते बंद करता येत नाही. आत आलेला माणूस छातीत कळ आलेला आहे, ट्रॅक्टरवरून पडलेला आहे की साथीचा रुग्ण आहे, हे ठरवायला मिनिटं मिळतात. साथीत हीच मिनिटं सगळ्यात धोक्याची असतात, कारण चाचणीचा निकाल हाती नसताना रुग्णाच्या नाकातोंडाशी सर्वांत जवळ हाच डॉक्टर असतो. आपल्याकडे आपत्कालीन वैद्यक या विषयाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. त्यामुळे कोविड आला तेव्हा बहुतेक सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी एक कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर (सीएमओ), दोन-चार इंटर्न आणि इतर विभागांतून पाळीनं येणारे निवासी डॉक्टर यांच्या जिवावर चालत होती. महाराष्ट्रात त्यांच्याही आधी रुग्णाजवळ पोचायचा तो १०८ रुग्णवाहिकेतला डॉक्टर, बहुधा बीएएमएस झालेला आणि मागच्या बंद डब्यात रुग्णासोबत एकटा. या डॉक्टरांबद्दल संशोधनात फारच कमी लिहिलं गेलं आहे. परदेशी अभ्यास मोठ्या विद्यापीठांच्या रुग्णालयांतले आहेत. ते वाचताना हा फरक मनात ठेवावा लागतो.

अमेरिकेत पहिली लाट चढत असताना सात शहरांतल्या ४२६ आपत्कालीन डॉक्टरांचं सर्वेक्षण झालं. शहरं कॅलिफोर्निया, लुइझियाना आणि न्यू जर्सी या राज्यांतली. या डॉक्टरांना काय छळत होतं? पीपीई किट पुरतील का आणि आपण घरच्यांना आजार देऊ का, हे दोन प्रश्न सगळ्यात वर होते. काय केलं तर बरं वाटेल, यावरची उत्तरं अगदी साधी होती. संरक्षक साधनं भरपूर द्या. चाचणीचा निकाल लवकर द्या. रोज बदलणारे नियम नीट, एका जागेवरून सांगा. आम्हाला स्वतःची चाचणी करून घेता येऊ द्या आणि आजारी पडलो तर रजा द्या. ध्यानधारणेचा वर्ग किंवा हेल्पलाइन या यादीत वर नव्हती.

चीनमध्ये याहून बोलकी गोष्ट घडली. चांगशा शहरातल्या शियांग्या द्वितीय रुग्णालयानं साथीच्या सुरुवातीलाच कर्मचाऱ्यांसाठी मानसिक आधाराची योजना आखली. समुपदेशकांचं पथक, हेल्पलाइन, गटात करायचे ताणमुक्तीचे उपक्रम, सगळं कागदावर व्यवस्थित होतं. पण कर्मचारी येईनात. काही परिचारिका चिडचिड करत होत्या, विश्रांती घ्यायला तयार नव्हत्या, तरी आपल्याला काही झालेलं नाही असं सांगत होत्या. मग पथकानं त्यांच्याजवळ बसून विचारलं. उत्तर मिळालं की मानसोपचारतज्ज्ञ नको, कुणी न उठवता झोपायला मिळू दे आणि पुरेशी किट द्या. रुग्णालयानं ऐकलं. घरापासून दूर राहायला जागा दिली, जेवणाची सोय केली, आपला दिवस कसा जातो हे घरच्यांना दाखवता यावं म्हणून व्हिडिओ काढायला मदत केली आणि सहकार्य न करणाऱ्या रुग्णांना हाताळायला सुरक्षारक्षक नेमले. समुपदेशक नंतर विश्रांतीच्या खोलीतच जाऊन बसू लागले. कुणाला बोलावंसं वाटलं तर बोलावं, एवढंच. हे सगळं २०२० च्या फेब्रुवारीतच लॅन्सेटच्या मानसोपचार विषयाच्या नियतकालिकात छापून आलं होतं. आपल्याकडच्या किती अधीक्षकांनी ते वाचलं असेल, असा प्रश्न मला अनेकदा पडतो.

किट पुरेशी असली तरी ती घालून काम करणं हा स्वतंत्र ताण होता. मुंबईतल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद प्लास्टिकच्या पोशाखात सहा-आठ तास काढायचे. मध्ये लघवीला जायचं तर किट वाया जाणार, म्हणून ड्युटीआधी दोन-तीन तास पाणी प्यायचं नाही. मासिक पाळी चालू असलेल्या डॉक्टर मुलीनं आणि सिस्टरनं काय करायचं, याचा विचार रोस्टर करणाऱ्याच्या डोक्यात क्वचितच आला. चष्म्यावर वाफ धरते, आतला घाम डोळ्यांत उतरतो आणि त्याच डोळ्यांनी शीर शोधायची. समोरचा कोण हे ओळखू येत नाही, म्हणून पाठीवर स्केच पेननं नाव लिहायचं.

किट काढण्याची वेळ तर सगळ्यात जोखमीची. आठ तासांनंतर अंगात त्राण नसतं आणि नेमकी तेव्हाच चूक परवडत नाही. आधी हात सॅनिटाइझ करायचे, वरचे हातमोजे काढायचे, पुन्हा हात. अंगावरचा पोशाख बाहेरची बाजू आत येईल अशी गुंडाळत खाली उतरवायचा, पुन्हा हात. मग चष्मा मागच्या पट्ट्याला धरून, आणि एन-९५ सगळ्यात शेवटी, पुढच्या भागाला बोट न लावता. ज्या रुग्णालयांत हे करताना समोर आरसा असायचा आणि शेजारी एक सहकारी एकेक पायरी मोठ्यानं सांगत उभा असायचा, तिथल्या डॉक्टरांची निम्मी धास्ती तिथेच उतरायची. हा सहकारी नेमायला खर्च काही नव्हता. फक्त ड्युटीच्या तक्त्यात एक माणूस जास्त लिहावा लागत होता.

मग घर. त्याच अमेरिकी सर्वेक्षणात ९० टक्क्यांहून अधिक डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांशी आणि मित्रांशी वागणं बदललं आहे, बहुतेकांनी जवळीक दाखवणं कमी केलं होतं. आपल्याकडे तर एका खोलीत चौघं राहतात, घरात सासू-सासरे असतात, आणि साठीच्या पुढच्या माणसाला धोका जास्त हे डॉक्टरला पक्कं माहीत असतं. अनेक जण महिना-महिना घरी गेलेच नाहीत. मुंबईत एप्रिल २०२० मध्ये ताज समूहानं आपल्या काही हॉटेलांच्या खोल्या महापालिकेच्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांसाठी उघडल्या, आणि त्या सोयीचं मोल कुठल्याही सत्कारापेक्षा मोठं होतं. तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयात असं काही नव्हतं. तिथला डॉक्टर अंगणात आंघोळ करून, कपडे गरम पाण्यात टाकून मागच्या दारानं आत जायचा आणि वेगळ्या ताटात जेवायचा.

आता ताणाच्या त्या भागाकडे येतो, जो विश्रांतीनं आणि किटनंही जात नाही. बेड एक आणि माणसं तीन असतील तर तो कुणाला द्यायचा? इटलीच्या भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेनं मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यातच यावर लेखी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांवर खूप टीका झाली, वयाचा निकष लावल्याबद्दल विशेष. पण ती काढण्यामागचा एक हेतू त्यांनी स्पष्ट लिहिला होता. हा निर्णय एकट्या डॉक्टरवर सोडला तर त्याचं भावनिक ओझं फार होतं, म्हणून जबाबदारीचा काही वाटा संघटनेनं उचलावा. मला ही भूमिका पटते. रात्री तीन वाजता पंचविशीतल्या निवासी डॉक्टरनं कुणाचा जीव आधी, हे ठरवावं अशी अपेक्षा करणं ही क्रूरता आहे.

मुंबईत हे ओझं वेगळ्या पद्धतीनं हलकं झालं. २०२० च्या जूनपासून महापालिकेनं २४ वॉर्डांत २४ वॉर रूम सुरू केल्या. चाचण्यांचे अहवाल आधी पालिकेकडे, तिथून वॉर रूमकडे, आणि कुणाला कुठे बेड मिळणार हे तिथून ठरू लागलं. या व्यवस्थेत त्रुटी होत्या, फोन न लागल्याच्या तक्रारी भरपूर होत्या. पण कॅज्युअल्टीच्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरला "बेड नाही" हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारावं लागतं, त्यावर त्याची रात्रीची झोप अवलंबून असते, आणि ती संख्या या व्यवस्थेनं कमी केली. १६-१७ एप्रिल २०२१ च्या रात्री पालिकेच्या सहा रुग्णालयांतला ऑक्सिजन संपत आला, तेव्हा १६८ रुग्णांना रातोरात दुसरीकडे हलवण्याचा निर्णय वरून झाला. असा निर्णय वरून झाला नाही, तर तो खालच्या डॉक्टरला सिलिंडर मोजत घ्यावा लागतो.

व्यवस्था कोलमडली की खालच्या डॉक्टरच्या हातात काहीच उरत नाही, याची उदाहरणंही याच महिन्याभरातली आहेत. १८ एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा थांबला आणि किमान २२ रुग्ण गेले. मे महिन्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान मृत्यू वाढू लागले. ११ मे रोजी त्या चार तासांत २६ जण गेल्याचं आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं. ट्रॅक्टरनं ओढून आणलेल्या ट्रॉलीवरचे सिलिंडर बदलताना दाब कोसळत होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निवासी डॉक्टरांच्या संघटनेनं आपली हतबलता तिथे मांडली. मॉनिटरवर सॅच्युरेशन उतरताना दिसतंय, काय करायचं ते येतंय, आणि करायला हातात काही नाही, अशा अवस्थेत उभ्या राहिलेल्या माणसाला जे होतं त्याला आता नैतिक जखम म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर काम करताना ही कल्पना मांडली. मार्च २०२० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे नील ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इशारा दिला की साथीत डॉक्टरांनाही हीच जखम होईल. त्याच गटानं जून-जुलै २०२० मध्ये इंग्लंडमधल्या नऊ अतिदक्षता विभागांतल्या ७०९ कर्मचाऱ्यांना विचारलं. जवळजवळ ४० टक्क्यांच्या उत्तरांत आघातोत्तर तणावाची लक्षणं होती. आपण नसतो तर बरं झालं असतं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार मागच्या पंधरवड्यात मनात आल्याचं १३ टक्क्यांनी सांगितलं.

या जखमेची एक बाजू नातेवाइकांशी बोलण्याची आहे, आणि तिच्याबद्दल सर्वेक्षणांत फारसं येत नाही. कॅज्युअल्टीत मृत्यू सांगणं हे डॉक्टरला नवं नसतं. माणूस समोर असतो, त्याला खुर्चीवर बसवता येतं, सिस्टर पाणी आणून देते, कुणी मामा खांद्यावर हात ठेवतो. कोविडमध्ये हे सगळं गेलं आणि राहिला तो फोन. "काल रात्री तर बोलले माझ्याशी, डॉक्टर, जेवले म्हणाले," असं पलीकडून ऐकायचं आणि किटमध्ये डोळेही पुसता येत नाहीत, मास्कमधून आवाज नीट जात नाही म्हणून तेच वाक्य दुसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं सांगायचं. अशी वाईट बातमी कशी द्यावी, याचं शिक्षण आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पर्यंत जवळजवळ नव्हतंच. त्या वर्षीच्या नव्या अभ्यासक्रमानं संवादकौशल्य आणलं, पण कोविडला सामोरे गेलेले बहुतेक डॉक्टर त्याआधीचे.

आणि मारहाण. हिचा इतिहास जुना आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवीत प्लेग ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकॅसिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी. पुढच्याच महिन्यात आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. रुग्णांना जबरदस्तीनं उचलून नेतात आणि आत गेलेला परत येत नाही, ही भीती त्यामागे होती. त्याच जागी आजचं कस्तुरबा रुग्णालय आहे, आणि २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोविड रुग्ण तिथेच दाखल झाले. प्लेगसाठी १८९७ मध्ये केलेल्या साथरोग कायद्यात २२ एप्रिल २०२० ला अध्यादेशानं दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. चेन्नईत कोविडनं गेलेल्या एका न्यूरोसर्जनच्या दफनाला जमावानं दगडफेक करून विरोध केला, त्यानंतर काही दिवसांतच हा अध्यादेश निघाला. २२ मार्चला बाल्कनीत उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांची कृतज्ञता खोटी नव्हती. पण त्याच आठवड्यात दिल्लीच्या एम्समधल्या निवासी डॉक्टरांना गृहमंत्र्यांकडे तक्रार करावी लागली की घरमालक सहकाऱ्यांना घराबाहेर काढताहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सोसणाऱ्या माणसाला आपण कुणासाठी राबतो आहोत, हा प्रश्न पडला तर तो दुबळेपणा म्हणता येणार नाही.

मग या डॉक्टरांनी तग धरला तो कशावर? एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ६५७ आरोग्य कर्मचाऱ्यांचं सर्वेक्षण झालं. निम्म्याहून अधिक जणांत तीव्र ताणाची लक्षणं होती. ताण हाताळायला लोक काय करतात, यात व्यायाम सगळ्यात पुढे होता, ५९ टक्के. समुपदेशकाशी एकट्यानं बोलायला आवडेल असं सांगणारे एक-तृतीयांश होते. आणि ६१ टक्क्यांनी सांगितलं की साथ सुरू झाल्यापासून आपल्या आयुष्याला जास्त अर्थ आला आहे. ताणाचे आकडे मथळ्यात येतात आणि हा आकडा मागे राहतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. हे काम आपलंच आहे आणि आत्ता ते केलंच पाहिजे, ही जाणीव थकलेल्या माणसाला उभं ठेवते. पण तिचा साठा अमर्याद नसतो, आणि प्रशासनानं तिच्या भरवशावर जादा ड्युट्या लावल्या की तीच जाणीव पुढे कडवटपणात बदलते.

दुसरा मोठा आधार सोबतच्या माणसांचा. निवासी डॉक्टरांच्या मेसमध्ये, हॉस्टेलच्या जिन्यात, ड्युटी संपल्यावर टपरीवर जे बोलणं चालतं त्याला संशोधनात समवयस्कांचा आधार म्हणतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सैन्यातली जोडीदाराची पद्धत उचलली. प्रत्येकाला एक जोडीदार, साधारण सारख्या वयाचा आणि सारख्या कामाचा, आणि दोघांनी रोज एकमेकांची विचारपूस करायची. जेवलास का, झोपलास का, आज काय वाईट झालं. आपल्या वसतिगृहांत हे आपसूक होत आलं आहे. पण कोविडनं तेही तोडलं, कारण एकत्र जेवायचं नाही, खोलीत दोघांनी बसायचं नाही. शेवटी राहिला तो बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यावर रात्री अडीच वाजता कुणीतरी विचारायचा, बायपॅप कुणाकडे रिकामा आहे का, आणि त्याच ओळीखाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा असायच्या.

तज्ज्ञांच्या मदतीबद्दल संशोधन काय सांगतं? इथे पुरावा फार पातळ आहे. कॉक्रेन संस्थेनं नोव्हेंबर २०२० मध्ये साथीत पुढच्या फळीत काम करणाऱ्यांच्या मानसिक आधारासाठी केलेल्या उपायांचा आढावा घेतला. सोळा अभ्यास मिळाले, बरेचसे आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीवरचे, आणि त्यांत उपायाचा परिणाम खरोखर मोजणारा फक्त एक होता. योजना का फसतात, हे मात्र त्यातून दिसलं. आपल्याला मदतीची गरज आहे हेच कर्मचाऱ्यांना किंवा संस्थेला कळत नाही, आणि कळलं तरी वेळ, माणसं नि साधनं नसतात. एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी ठाम सांगता येते. मोठी दुर्घटना घडली की सगळ्यांना लगेच एका खोलीत बसवून एकदाच काय ती भडास काढायला लावायची, या पद्धतीचा उपयोग होत नाही, काहींना उलट त्रासच होतो. कोविडच्या कितीतरी आधी हे सिद्ध झालं होतं. तरीही अनेक ठिकाणी तेच केलं गेलं.

मदत उपलब्ध असूनही डॉक्टर ती का घेत नाहीत, याचं उत्तर न्यूयॉर्कमधल्या डॉ. लोर्ना ब्रीन यांच्या मृत्यूनं जगासमोर आणलं. त्या मॅनहॅटनच्या एका रुग्णालयात आपत्कालीन विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांना स्वतःला कोविड झाला, बऱ्या होऊन त्या लगेच कामावर परतल्या, आणि २६ एप्रिल २०२० रोजी त्यांनी आत्महत्या केली. मानसिक आजारासाठी उपचार घेतल्याचं कळलं तर परवाना जाईल, ही भीती त्यांना होती, असं त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवान्याच्या अर्जात तसा प्रश्नच असायचा. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावानं कायदा झाला, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी मिळाला आणि अर्जातले प्रश्न बदलण्याची मोहीम जोर धरू लागली. आपल्याकडे अर्जात असा प्रश्न नाही, पण युनिटमध्ये "हिला झेपत नाही" असा शिक्का बसला तर पुढच्या दोन वर्षांच्या पोस्टिंगवर त्याची सावली पडते. तो शिक्का कुठे लिहिलेला नसतो, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

आपल्या निवासी डॉक्टरांवर याशिवाय एक खास भारतीय ओझं आलं. १८ एप्रिल २०२१ ची पदव्युत्तर नीट परीक्षा दुसऱ्या लाटेमुळे पुढे ढकलली गेली आणि ती झाली ११ सप्टेंबरला. मग आरक्षणाच्या निकषांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि प्रवेशाची समुपदेशन फेरी (काउन्सेलिंग) सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडलं. तोवर पहिल्या वर्षाची एक आख्खी तुकडी रुग्णालयांत आलीच नाही. तिच्या वाट्याचं काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलं, तेही ज्या विषयात तज्ज्ञ व्हायला ते आले होते त्या विषयाची शस्त्रक्रियागृहं बंद असताना. हाडांचा किंवा डोळ्यांचा डॉक्टर व्हायला आलेल्यानं दीड वर्ष कोविड वॉर्डात काढायचं आणि परीक्षा मात्र आपल्याच विषयाची द्यायची. हा राग मोजायची प्रश्नावली कुणी तयार केली नाही.

साथ संपली की ताण संपत नाही, हे आपल्याला टोरोंटोमुळे कळलं. सार्सनंतर एक ते दोन वर्षांनी रॉबर्ट माँडर आणि सहकाऱ्यांनी टोरोंटोच्या नऊ आणि सार्स न पोचलेल्या हॅमिल्टनच्या चार रुग्णालयांतल्या ७६९ कर्मचाऱ्यांची तुलना केली. टोरोंटोतले लोक जास्त थकलेले होते, जास्त त्रासात होते, आणि त्यांनी रुग्णांशी येणारा संबंध नि कामाचे तास कमी केले होते. म्हणजे साथीनं तेव्हा न मारलेली माणसं रुग्णालयानं नंतर गमावली. ज्यांना प्रशिक्षण, संरक्षण आणि वरिष्ठांचा पाठिंबा पुरेसा मिळाल्यासारखा वाटत होता, त्यांच्यात हा परिणाम कमी होता. हे छापून आलं २००६ साली. चौदा वर्षं हातात होती.

आपल्याकडे कोविडनंतर काय उरलं, याची झलक राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाच्या २०२४ च्या अहवालात आहे. ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. स्वेच्छेनं भरलेली पाहणी असल्यानं आकडे जपून वाचावे लागतात, पण ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता, आणि ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून जास्त काम करत होते. दलानं शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांच्या वर काम देऊ नये आणि एक दिवस सुटी असावी. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा आधीच लिहिलेली आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरची डॉक्टर चर्चासत्राच्या सभागृहात विश्रांतीला गेली असताना तिच्यावर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. त्यानंतर २० ऑगस्टच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं रुग्णालयांतल्या उणिवांची यादी केली. तीत रात्रपाळीच्या डॉक्टरांना आराम करायला पुरेशा खोल्या नाहीत आणि ३६-३६ तासांच्या ड्युट्या लावल्या जातात, हे मुद्दे आहेत. कोविडच्या काळात पीएम केअर्स निधीतून देशभर ऑक्सिजन तयार करणारे बाराशेहून अधिक प्लांट मंजूर झाले आणि त्यांची नोंद ठेवली गेली. पुढच्या साथीची तयारी म्हणून महाराष्ट्रातल्या किती कॅज्युअल्टींना आतून कडी लागणारी, पंखा आणि स्वच्छतागृह असलेली ड्युटी रूम आहे, आणि रात्री दोन वाजता तिथे एका वेळी किती डॉक्टर असतात, याचीही तशीच नोंद आरोग्य खात्यानं आणि वैद्यकीय शिक्षण विभागानं दरवर्षी जाहीर करावी. मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या संपांत मागण्या विद्यावेतनाच्या असोत की सुरक्षेच्या, हॉस्टेल आणि ड्युटी रूमचा मुद्दा त्यांच्या मागणीपत्रात असतो, आणि बोलणी संपली की तोच पुढच्या वेळेसाठी राहून जातो.